आप्पा जिनवर आहेत, हे कसं सांगू?

पत्राचा सारांश: एरंडोल-पारोळा पट्ट्यातल्या एका गावातली ही मुलगी पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील जळगाव जिल्ह्यातल्याच एका जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत (कापसातून सरकी म्हणजे बी काढून रुईच्या गाठी बांधणारा कारखाना, बोलीत नुसतं ‘जिन’) बरीच वर्षं फिटर आहेत. होस्टेलवर पहिल्या आठवड्यात ओळखी चालल्या होत्या, तेव्हा तिनं इंग्रजीतून सांगितलं की माझे वडील जिनमध्ये काम करतात. खोलीत हशा पिकला. ‘मग घरी फुकटच मिळत असेल!’ असं एकजण म्हणाली आणि पुढे काही महिने तिचं नावच ‘जिन’ पडलं. तेव्हापासून ती ‘फादर टेक्स्टाइल बिझनेसमध्ये आहेत’ एवढंच सांगते. आता प्लेसमेंटचे फॉर्म भरायचे आहेत, मुलाखती तोंडावर आहेत आणि पुढच्या महिन्यात आप्पा कॉलेजच्या पालक मेळाव्याला येणार आहेत. ती विचारते: जिन हा शब्द खरंच इंग्रजी आहे, की आपल्याकडच्या लोकांनी बिघडवलेला? मुलाखतीत काय सांगू? आणि ताई, जाता जाता विचारते, आप्पांना ‘तिथे जिन म्हणू नका’ असं सांगितलं तर चालेल का?

प्रिय मुली,

जो प्रश्न तू ‘जाता जाता’ विचारलास, त्याच्यासाठीच हे पत्र लिहिलंस, असं मला वाटतं. त्याच्याकडे येतेच. आधी शब्दाचं बघू, कारण तिथे तू एक गोष्ट न तपासता मान्य करून टाकली आहेस. बाटलीतली जिन खरी, आणि कापसाचं जिन म्हणजे आपल्या गावाकडची काहीतरी मोडतोड, असं तू धरून चालली आहेस. हसणाऱ्यांनीही तेच धरलं होतं. या एका बाबतीत तुम्ही सगळ्या एकाच बाजूला आहात, आणि सगळ्याच चुकताय.

इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत. उच्चार एक, स्पेलिंग एक, पण एकमेकांशी काडीचा संबंध नाही. दोन गावांतले दोन पाटील असावेत तसे. आडनाव जुळलं म्हणून भाऊबंद होत नाहीत.

दारूची जिन हॉलंडमधून आली. जुनिपर नावाच्या झुडपाच्या फळांचा वास लावलेल्या दारूला डच लोक ‘येनेव्हर’ म्हणत. मूळ शब्द लॅटिन, ‘जुनिपेरुस’, म्हणजे तेच झुडूप. इंग्रजांनी त्याचं ‘जिनिव्हा’ केलं (स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा शहराचा इथे काही संबंध नाही, नुसता कानाचा घोटाळा) आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तेही तोडून ‘जिन’ केलं. तेव्हा ही काही उंची हॉटेलात प्यायची गोष्ट नव्हती. लंडनच्या गरीब वस्त्यांत ती इतकी स्वस्त आणि इतकी बोकाळलेली होती की पार्लमेंटला १७३६ मध्ये आणि पुन्हा १७५१ मध्ये तिच्यावर कायदे करावे लागले. तुझ्या खोलीत ज्या शब्दाला शहरी झाक आली, त्याची सुरुवात ही अशी.

आता आप्पांचं जिन. हे लॅटिन ‘इंगेनियुम’पासून निघालं. इंगेनियुम म्हणजे जन्मतः अंगी असलेली बुद्धी, हुशारी. फ्रेंचमधून येता येता अर्थ हुशारीवरून हुशारीनं केलेल्या युक्तीवर गेला, आणि युक्तीवरून युक्तीच्या वस्तूवर, म्हणजे यंत्रावर. इंग्रजीत आल्यावर पुढचा ‘एन’ गळाला आणि उरलं नुसतं ‘जिन’. (आपण स्टेशनचं टेसन केलं की ते गावंढळ, आणि त्यांनी एंजिनचं जिन केलं की ती इंग्रजी!) मग पक्षी-जनावरं पकडायच्या सापळ्याला जिन म्हणायला लागले, वजन उचलायच्या कप्पीच्या तिवईला जिन, खाणीतून कोळसा वर काढायला घोडा फिरवत असलेल्या रहाटालाही जिन. एली व्हिटनी या अमेरिकनानं १७९४ मध्ये कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हा ‘कॉटन जिन’ हे नाव त्याला सहज मिळालं. यंत्र या अर्थानं जिन हा शब्द इंग्रजीत मध्ययुगापासून आहे. म्हणजे त्या दारूला हे नाव पडायच्या कित्येक शतकं आधीपासून.

आणि त्याच इंगेनियुमपासून इंजिन निघालं, इंजिनिअर निघाला. जुन्या काळी इंजिनिअर म्हणजे लढाईची यंत्रं बनवणारा आणि चालवणारा माणूस. तुझ्या पदवीचं नाव आणि आप्पांच्या कामाच्या जागेचं नाव एकाच घरातलं आहे. तू ज्याची लाज बाळगलीस, तो शब्द तुझ्या ओळखपत्रावर कॉलेजच्या नावातच छापलेला असेल.

अजून थोडं सांगते, कारण हा भाग मला स्वतःलाच आवडतो. त्या लॅटिन शब्दाच्या पोटात ‘जन्माला घालणं’ या अर्थाचा जो जुना धातू आहे, तोच संस्कृतात ‘जन्’ म्हणून आहे. जन्म, जनक, जननी, आणि अलीकडे विज्ञानासाठी घडवलेला ‘जनुक’, सगळे तिथले. जनुकाला इंग्रजीत जो ‘जीन’ म्हणतात, तो शब्द १९०९ मध्ये योहानसन या डॅनिश शास्त्रज्ञानं ग्रीकमधून उचलून घडवला. त्याचंही मूळ तेच. तुमच्या शिवारात बीटी कापूस असेल, तर बोंडात एक जीन आणि फॅक्टरीत दुसरं जिन, दोघं दूरचे नातलग. या कुळीत न बसणारेही आहेत. घोड्याच्या पाठीवरची जीन फारसीतून आली. पँटीची जीन इटलीतल्या जेनोआ शहराच्या नावावरून. जैन मंदिरातला ‘जिन’ संस्कृत ‘जि’ म्हणजे जिंकणे यातून. जळगावात हे सगळे रोज बोलले जातात आणि कुणाचाही घोटाळा होत नाही, कारण समोरच्याला संदर्भ माहीत असतो. पुण्याच्या खोलीत तो नव्हता. तुझ्या इंग्रजीचा त्यात दोष नाही.

पण शब्द खानदानी निघाला म्हणून त्याच्यामागे सगळं गोडच आहे, असंही नाही. व्हिटनीच्या यंत्रानं सरकी काढायचं काम झटपट झालं, तशी अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाची लागवड वाढत गेली आणि त्या शेतांवर राबणाऱ्या गुलामांची संख्याही. १७९० च्या जनगणनेत देशभरात मिळून गुलाम सुमारे ७ लाख होते, १८६० मध्ये ४० लाखांच्या आसपास. मग १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि त्यांची नजर आपल्या तापीकाठच्या काळ्या जमिनीकडे वळली. खानदेशच्या कापसाला भाव आला, रेल्वे आली, जळगावची पेठ मोठी झाली, वाफेवरची जिनं उभी राहिली. शब्द आपल्याकडे रुळला तो या वाटेनं. आपल्या आजोबा-पणजोबांनी तो इंग्रजांच्या तोंडून आणि कारखान्यांच्या पाट्यांवरून घेतला, आणि जसा होता तसा ठेवला. बिघडवला अजिबात नाही.

सरकी काढायची कला मात्र व्हिटनीच्या फार आधीची आणि आपल्या दारातली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत एका लाटण्यानं सपाट पाट्यावर सरकी काढतानाचं दृश्य असल्याचं अभ्यासक सांगतात, म्हणजे सुमारे पाचव्या शतकातलं. पुढे आपल्याकडे दोन लाटांची हातचरखी आली. आजच्या डबल रोलर जिनमध्ये तत्त्व तेच आहे: रुई ओढून घ्यायची आणि सरकी मागे ठेवायची.

इतकं सगळं सांगितल्यावर तुला वाटेल, झालं, आता मैत्रिणींना गाठून ऐकवते. कृपा करून तसं करू नकोस. व्युत्पत्ती सांगून कुणाला गप्प करता येतं, पण त्यानं ती तुझी मैत्रीण होत नाही. शिवाय मला एक शंका आहे, ती स्पष्टच विचारते. त्या दिवशी तू ‘कॉटन जिनिंग फॅक्टरी’ असं पूर्ण म्हणाली असतीस तर हशा झाला नसता, हे खरं. पण पुढचा प्रश्न आला असता, ‘मालक आहेत का?’ त्याचं उत्तर तू काय दिलं असतंस?

तू जो शब्द निवडलास तो ‘बिझनेस’ आहे. जिनची पंचाईत टाळायला ‘टेक्स्टाइल’ पुरेसं होतं. ‘बिझनेस’नं जिन लपवलं नाही, फिटर लपवला. पहिल्या दिवशी चेष्टा शब्दाची झाली, पण त्या आडून तू आणखी काहीतरी झाकून घेतलंस, आणि दोष मात्र बिचाऱ्या शब्दावर गेला. मी हे तुला बोल लावायला म्हणत नाही. अठराव्या वर्षी, नव्या शहरात, दहा अनोळखी मुलींसमोर कुणीही आडोसा शोधतं. फक्त आता आडोशाला चार वर्षं होत आली आहेत आणि तो सांभाळायचा खर्च वाढत चालला आहे. आप्पांच्या नुसत्या येण्याची तुला धास्ती वाटते, हाच तो खर्च.

हसणाऱ्या मुलींबद्दलही थोडं. त्यांतल्या बहुतेकींनी जिन कधी पाहिलेलं नसणार. सीझनमध्ये कापसानं भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, पत्र्याची शेड, उडणारी तंतूंची धूळ, बाहेर रचलेल्या गाठी, यातलं काहीच त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हतं. त्यांना एकच जिन माहीत होती आणि त्या शब्दावरच हसल्या. ते अज्ञान होतं. ‘फुकट मिळत असेल’ म्हणणारी थोडी आगाऊ, इतकंच. पण पुढे महिनोन्महिने ते नाव चालवलं, तो आगाऊपणा नव्हता, तो त्रास होता, आणि तू तेव्हाच ‘मला असं म्हणू नका’ म्हणायला हवं होतंस असंही मी म्हणणार नाही. नव्या मुलीला ते जमत नाही. आज जमेल.

मग आता करायचं काय? आहे तसंच चालू ठेवणं हा एक मार्ग. त्यात आप्पांना मेळाव्याला ‘येऊ नका’ म्हणावं लागेल किंवा ‘बोलू नका’. दोन्ही मला मान्य नाहीत, आणि तुलाही नसावेत, नाहीतर तू विचारलंच नसतंस. दुसरा मार्ग, सगळ्यांना एकत्र बसवून कबुली द्यायची. हेही मला पटत नाही. ज्या गोष्टीची लाज नको, तिची कबुली कशाला? तो प्रसंग तुलाच पुन्हा त्या पहिल्या दिवसाच्या खोलीत नेऊन बसवेल.

मी असं सुचवेन. आप्पा येण्याआधी, जवळच्या एक-दोन मैत्रिणींना, चहा पिताना वगैरे, सरळ सांग: ‘मी बिझनेस म्हणते ना, तसं नाहीये. माझे वडील कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत फिटर आहेत. तेव्हा तुम्ही हसलात म्हणून मी ते सांगायचं सोडलं.’ इतकंच. शेवटचं वाक्य गाळू नकोस, कारण त्यात तुझी बाजू आहे, आणि त्यांनाही कळू दे की त्या हसण्याचं पुढे काय झालं. बहुतेक त्या ओशाळतील. एखादी पुन्हा जिनवर विनोद करेल. तेव्हा तूही हसलीस तरी चालेल, विनोद वाईट नाही. आप्पांसमोर नको, एवढं बजावून ठेव.

मुलाखतीचं त्याहून सोपं आहे. इंग्रजीत बोलताना नुसतं ‘जिन’ म्हणू नकोस, ‘कॉटन जिन’ किंवा ‘कॉटन जिनिंग फॅक्टरी’ म्हण. यात लपवाछपवी नाही. अनोळखी माणसासमोर इंग्रजी बोलणारे स्वतःही तसंच म्हणतात, कारण त्यांच्याकडेही दोन जिन आहेत. समोरच्याला समजावं म्हणून एक शब्द जोडणं वेगळं आणि समजू नये म्हणून शब्द बदलणं वेगळं. ‘टेक्स्टाइल बिझनेस’ तिथे सांगितलंस तर पुढचा प्रश्न उलाढालीचा येईल, आणि तू अडकशील. ‘माझे वडील जिनिंग फॅक्टरीत मेंटेनन्स फिटर आहेत’ म्हटलंस तर मेकॅनिकलचा माणूस कान टवकारेल.

त्यासाठी तयारी मात्र हवी. मला शंका आहे की तू लहानपणापासून त्या शेडमध्ये जात असूनही इंजिनिअरच्या नजरेनं ते यंत्र कधी पाहिलं नसशील. अमेरिकेत सॉ जिन जास्त चालतं, दातेरी चकत्यांचं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी डबल रोलर. का? दातेरी चकत्यांनी काम झपाट्यानं होतं, पण तंतूला मार बसतो. रोलर त्यामानानं हळुवार ओढतो. रोलर चामड्याच्या चकत्यांचे असतात, त्यांच्यावर चऱ्या पाडाव्या लागतात, वापरानं त्या झिजतात. स्थिर सुरी आणि रोलर यांचा दाब किती ठेवायचा, हलत्या सुरीचं सेटिंग कसं लावायचं, हे चुकलं तर सरकी फुटते नाहीतर सरकीला रुई राहून जाते. या क्रोम चामड्याची (क्रोमियमनं कमावलेल्या) धूळ रुईत मिसळते, म्हणून दुसऱ्या साहित्याचे रोलर करून पाहण्याचं काम मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत झालेलं आहे. झीज, कंपन, धूळ, आग लागण्याचा धोका, कामगारांच्या छातीत जाणारे तंतू: तुझ्या अभ्यासक्रमातली निम्मी प्रकरणं त्या एका शेडमध्ये सापडतील. सबमिशनसाठी विषय शोधत फिरणाऱ्या मुलांना हे घरबसल्या मिळत नाही.

आप्पांना फोन कर आणि हेच विचार. रोलर किती दिवसांनी उतरवता? आवाजावरून काय बिघडलंय ते कसं ओळखता? ऑफ सीझनला काय काय खोलता? तुझ्या पत्रावरून दिसतं की गेली काही वर्षं तुम्ही दोघं फी, जेवण आणि सुट्ट्या यापलीकडे फारसं बोललेले नाही. हे विषय त्यांच्या हातातले आहेत.

आणि तो शेवटचा प्रश्न. नाही, ‘जिन म्हणू नका’ असं त्यांना सांगू नकोस. त्यांना वाईट वाटेल का, असं तू विचारतेस. वाटेल, पण ते दाखवणार नाहीत. मेळाव्यात ते कमी बोलतील, प्रत्येक वाक्याआधी थांबतील, आणि ते थांबणं तुला हशापेक्षा जड जाईल. शिवाय ज्याची तुला भीती आहे ते त्यांना बहुधा कधीचं माहीत आहे. जिनवरच्या माणसाला जिन नावाची दारू असते हे ठाऊक नसेल, असं कसं होईल? यावरचे विनोद त्या शेडमध्ये तुझ्या जन्माआधीपासून चालत असतील. कुणी विचारलं तर ते त्यांच्या पद्धतीनं सांगतील, मराठीत, मध्ये अहिराणी मिसळत. सांगू दे. तुझ्या शेजारी उभी असलेली मैत्रीण आधीच जाणती असेल, तर तुझ्यावरचा निम्मा ताण तिथेच उतरेल.

त्यांना मागची चार वर्षं सांगायची का? मला विचारशील तर नाही. तू बाहेर काय सांगत होतीस, हे ऐकून त्यांच्या हाती काही लागणार नाही; तुझं मन मोकळं होईल आणि ते ओझं त्यांच्याकडे जाईल. दुरुस्ती जिथे खोटं बोललीस तिथे कर. पुढे कधी तुम्हा दोघांना त्यावर हसता येईल असा दिवस आला तर सांग.

अशीच अडचण असलेल्या इतरांसाठी एक सूचना. गावाकडचा एखादा इंग्रजी शब्द शहरात बोलल्यावर कुणी हसलं, तर तो चुकीचा असं लगेच ठरवू नका. चांगला इंग्रजी कोश उघडा. एकाच स्पेलिंगचे शब्द तिथे १, २ असे आकडे घालून वेगवेगळे दिलेले दिसतील. आकडे वेगळे म्हणजे बहुधा मूळच वेगळं. क्रिकेटची बॅट आणि वटवाघूळ असंच. आकडा एकच आणि खाली अर्थ अनेक, तर तो एकाच शब्दाचा विस्तार. नदीचा काठ आणि पैशांची बँक, हे कोशात काय आहे ते स्वतः बघा. पैशांचं पाणी वाहतं म्हणून बँक, असल्या व्हॉट्सॲपवरच्या गोष्टींवर भरवसा ठेवू नका. आपला शब्द कोशात सापडला तर छान. नाही सापडला, निव्वळ आपल्या तालुक्यातलाच निघाला, तरी ज्याचं पोट त्यावर भरतं त्याला तो शब्द बदलायला सांगायचा अधिकार मुलांना त्यामुळे मिळत नाही.

आणि तुझा फॉर्म. पालकाचा व्यवसाय या रकान्यात ‘फिटर, कॉटन जिनिंग फॅक्टरी’ असं लिही. शिष्यवृत्तीसाठी तहसीलमधून काढलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यावर नोकरी असेल आणि कंपनीच्या फॉर्मवर बिझनेस, तर कागद तपासताना ते कुणाच्या तरी लक्षात येईल आणि खुलासा तुलाच द्यावा लागेल. ‘बिझनेस’ असं आधीच कुठे लिहून बसली असशील, तर प्लेसमेंट सेलमध्ये जाऊन मुलाखतीआधी दुरुस्त करून घे. पाच मिनिटांचं काम आहे, कारण विचारलं तर ‘चुकून पडलं’ एवढं पुरे.

तुझी,
ताई